गांगुर्डे सरांचं पानिपत

शिक्षकांच्या खोलीत गांगुर्डे सरांची खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर बसलेले गांगुर्डे सर मी फारसे पाहिले नाहीत. ते खिडकीशी जात, तिथून फळ्यापर्यंत येत, पाठ असलेलं वेळापत्रक पुन्हा वाचत, माठातलं पाणी पेल्यात घेत आणि न पिता पेला तसाच ठेवून देत. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की नेमके तेव्हाच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत. शर्टाच्या खिशातून अंगठ्याएवढा एक मातीचा माणूस काढायचा, माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायचा आणि विचारायचं, "बाई, हा कुणाचा माणूस वाटतो?"

मी चित्रकला शिकवायची आणि ते इतिहास. त्यामुळे रंगवलेला माणूस दिसला की तो माझ्या खात्यातला, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती.

"मराठा वाटतो," मी घास चावत म्हणायची.

"कुठला मराठा? कधीचा?"

"सर, मला जेवू द्या."

"जेवा ना. जेवता जेवता सांगा."

आणि मी काही सांगायच्या आत तो माणूस उचलून पुन्हा खिशात. "नाही, हा नाहीच चालायचा." मग ते पुन्हा खिडकीशी. आमच्या नाशकातल्या शाळेत एकाहून एक विक्षिप्त माणसं होती, पण ज्याच्या शेजारी बसून आपल्याच पायांना चालावंसं वाटू लागतं असा हा एकच.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं देवळाली कॅम्पात. आणीबाणी उठली त्या वर्षी स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून निवृत्त कर्नल रणदिव्यांना बोलवायचं ठरलं आणि मुख्याध्यापकांनी गांगुर्डे सरांना आमंत्रण द्यायला पाठवलं. कर्नलसाहेबांच्या बंगल्यात जेवायच्या खोलीत जेवायचं टेबल नव्हतं. त्या जागी खोली भरून टाकणारं, हिरवा रंग दिलेलं एक लाकडी टेबल होतं आणि त्यावर शिशाच्या सैनिकांच्या दोन फौजा समोरासमोर उभ्या होत्या. मोठ्या माणसांचा असाही खेळ असतो हे आम्हांला तेव्हा कळलं. इतिहासातली एखादी लढाई घ्यायची, आपापली फौज मांडायची, एक सैनिक म्हणजे शेकड्यांनी माणसं असं धरायचं. फूटपट्टीने मोजून पुढे सरकायचं. वार लागला की नाही ते फासा टाकून ठरवायचं आणि पडलेला सैनिक उचलून पेटीत ठेवायचा. कर्नलसाहेब तोफखान्यातले. विलायतेत कसल्याशा अभ्यासक्रमाला गेले असताना त्यांनी हे शिसं गोळा केलं होतं. बायको गेल्यापासून ते एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे.

सर परत आले तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय, येताहेत का पाहुणे?"

"पाहुणे?" सर म्हणाले. "हां. पानिपत ठरलंय."

आमंत्रण द्यायचं ते साफ विसरले होते.

कर्नलसाहेबांची अट सरळ होती. "अफगाण माझे. मराठे तू आण. पण बिनरंगाचा माणूस माझ्या टेबलावर चढणार नाही, आणि पुठ्ठ्याचा तर नाहीच." आता मराठे आणायचे कुठून? शिशाचे इंग्रज मिळतात, फ्रेंच मिळतात. पेशव्यांची फौज कोण ओतून ठेवतं? सरांना ते पानिपत खेळायचं होतं आणि खोट्या माणसांनिशी खेळायचं नव्हतं. ह्या दोन गोष्टी एकमेकींना आडव्या येत राहिल्या आणि त्यात पाच-सहा वर्षं गेली.

दिवाळीच्या आधी भद्रकालीत रखमाबाई कुंभारीण पाटीभर चित्रं घेऊन बसायची. चित्रं म्हणजे पोरांनी केलेल्या किल्ल्यांवर ठेवायची मातीची माणसं: मावळे, भालदार, गवळण, तागडीवाला वाणी, वाघ आणि निळ्या अर्ध्या चड्डीतला पोलीस. एकदा मी पणत्या घ्यायला गेले तर पाटीपुढे गांगुर्डे सर. अर्धी पाटी त्यांनी रस्त्यावर मांडली होती आणि मागे पोरांची रांग ताटकळत होती.

"हा नको. हा गडावरचा मावळा. पानिपत होईपर्यंत ह्याचा पणतू म्हातारा झाला असेल. हा नको, पागोटं बघ कसं. आणि हा डावखुरा."

"डावखुऱ्यानं लढू नये व्हय?" रखमाबाई म्हणाली.

"लढावं. पण तुझे सगळेच डावखुरे आहेत!"

"साचाच तसा हाय, त्याला मी काय करू? माझ्या सासऱ्यानं उलटा पाडला त्यो." मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बाई, ह्ये मास्तर सैन्य घ्यायला आलेत का पोरीला नवरा बघायला?"

सगळी पोरं हसली. सरही हसले, पण हात थांबले नाहीत. शेवटी त्यांनी तिच्याकडून काय घेतलं? सगळे पोलीस. पेशव्यांच्या फौजेत कवायती बंदूकवाले असत, त्यांना गारदी म्हणत. तर पोलिसांच्या हातात बंदूक असल्यामुळे सरांनी त्यांना गारद्यांत भरती केलं. त्यांच्या अर्ध्या चड्ड्यांवर ओल्या मातीचे पायजमे चढवायचं काम माझ्याकडे आलं. पुढे लहान मापाचे घोडे त्यांनी रखमाबाईकडून मुद्दाम करून घेतले. ते भट्टीत फुटायचे, मग तिच्या शिव्या आणि ह्यांच्या फेऱ्या. नाताळात शरणपूरला गोठ्याच्या देखाव्यासाठी उंट मिळतात असं कुणी सांगितलं, तर सायकल काढून तेही घेऊन आले. तुटलेल्या भाल्यांना मी सेफ्टी पिनांच्या तारा बसवल्या. त्यांच्या घरी गेले की वहिनी मला स्वयंपाकघरात नेऊन मिसळणाचा डबा उघडून दाखवायच्या. "बघा बाई, जिऱ्याच्या वाटीत काळे घोडे, मोहरीच्या वाटीत तांबडे. आमटीला फोडणी कशी घालू?"

मला खरी चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. घोडेस्वार पुरे होत नव्हते, तोफा अर्ध्या रंगवायच्या होत्या आणि हा मनुष्य भलतीच माणसं गोळा करत सुटला होता. रखमाबाईचा तागडीवाला वाणी घेतला. पाण्याची घागर घेतलेली बाई घेतली. बैलगाडी हाकणारा, पालखीचे भोई, भाकरी थापणारी म्हातारी. "सर, ही म्हातारी अफगाणांना भाकरी फेकून मारणार का?" मी विचारलं.

"बुणगे आहेत हे, बाई," ते म्हणाले. "फौजेमागून जाणारे. बाजारकरी, नोकरचाकर, बायाबापड्या. पानिपतावर लढणाऱ्यांपेक्षा हे जास्त होते."

हेच कर्नलसाहेबांना सांगायला गेले आणि भांडण झालं. मी पेट्या धरायला बरोबर होते. कर्नलसाहेबांनी म्हातारी उचलून चष्म्याखाली धरली. "हे काय आहे, गांगुर्डे? ही फायटिंग फोर्स आहे का? सामानाची एक गाडी ठेव कोपऱ्यात, झालं काम."

"एक गाडी नाही, साहेब. सगळे."

"पण ते करणार काय?"

"खाणार," सर म्हणाले. "भिणार. वाटेत येणार. तेच केलं त्यांनी."

"माझ्या नियमांत ह्यांना कलम नाही."

"मग घाला, साहेब."

सर खोलीत येरझारा घालत होते आणि कर्नलसाहेबांची मान त्यांच्याबरोबर इकडून तिकडे फिरत होती. शेवटी म्हातारा दमून म्हणाला, "बस रे एकदाचा! घालतो कलम." पण सर बसले नाहीतच.

हा सगळा हट्ट कशापायी, ते मला त्यांच्या पुतणीच्या लग्नात कळलं. गाव येवल्याच्या पुढे. आम्ही चार-पाच शिक्षक एसटीने गेलो होतो. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पंगती उठल्या आणि मांडवाच्या कडेला सरांची आत्या पाय पसरून बसली होती तिथे सरांनी मला नेलं. आत्या चांगलीच थकलेली, पण जीभ तिखट. "आत्या, बाईंना सांग ना उत्तरेतलं," सर म्हणाले.

"पुन्यांदा?" आत्या म्हणाली. "ह्यो आला की त्येच इचारतो. आवं, आपल्यातला एक गेला व्हता पेशव्याच्या फौजंमागं. घोड्यांचं गवात कापाया. त्यो नाय आला. एवढंच हाय."

"नाव काय होतं त्यांचं?" मी विचारलं.

"नाव कुठलं राह्यलं! त्याच्या मागं घरात त्याची बायकूच तेवढी. आन बायका नवऱ्याचं नाव घ्येत्यात व्हय? तिनं नाय घेतलं, मंग कुणालाच ठावं नाय. लय वाट बघितली म्हणं तिनं."

"अंगात काय होतं त्याच्या? डोक्याला काय?" सरांनी विचारलं.

"मला काय इचारतो रं? मी गेलते का त्याला पोचवाया!"

परतीच्या एसटीत सरांना जागा मिळाली तरी ते दांडी धरून उभे राहिले. निफाड गेल्यावर एकदम खाली वाकून मला म्हणाले, "बाई, सेनापतीचं पागोटं कसं होतं, हत्तीवरची झूल कुठल्या रंगाची, सगळं सापडतं. ह्याचं काहीच नाही. ह्याच्या हातात तलवार दाखवायची म्हटलं तर कोण देणार होतं आमच्या हातात तलवार? पण तो होता ना तिथं? मला तो टेबलावर पाहिजे. तो नसला तर मला ते पानिपत नको." मी त्यांच्यावर इतके दिवस हसत होते ह्याचं मला वाईट वाटलं.

मग तो गवत कापणारा घडवायचं काम सुरू झालं. पहिला मी उभा केला, डोक्यावर भारा दिलेला. सर म्हणाले, "फार दीनवाणा झाला, बाई." दुसऱ्याची छाती जरा पुढे काढली. "हा फार शूर झाला." तिसरा बरा होता, पण त्याने वर बघितलं म्हणून गेला. चौथा मी न बघता त्यांच्या हातात दिला आणि तो त्यांनी न बघता परत दिला. शेवटी माझं डोकं सणकलं. "सर, तुम्हांलाच माहीत नाही तर मी कुठून आणू? तुमच्या गावाकडे गवत कापतात कसं, ते तरी दाखवा!"

तर गांगुर्डे सरांनी शिक्षकांच्या खोलीत, मुख्याध्यापकांच्या देखत, धोतर नेसलेल्या माणसासारखी पँट वर ओढली आणि उकिडवे बसले. डाव्या हाताने मूठभर हवा धरली, उजव्या हाताने विळा मारला आणि बसल्या बसल्या एक पाऊल पुढे सरकले. पुन्हा मूठ, पुन्हा विळा, पुन्हा पाऊल. असे ते दारापर्यंत गेले. मान खाली, नजर हाताशी, आणि अंगात कसलीही घाई नाही. मी तिथेच खडूच्या डब्यात जपून ठेवलेली माती घेतली. दुपारपर्यंत माणूस झाला. सरांनी तो तळहातावर घेतला, पुष्कळ वेळ बघितला आणि "हं" म्हणाले. भट्टीतून तो एका दमात धड निघाला. रखमाबाईला मी तो कोण ते सांगितलं होतं. तिने मडक्यांच्या मधोमध, आच बेताची लागेल अशा जागी ठेवला होता.

एशियाडनंतर घरोघर टीव्ही यायला लागले त्या सुमारास कर्नलसाहेबांचा निरोप आला. मुलगा त्यांना कॅनडाला घेऊन चालला होता. बंगला विकला होता, टेबल कुठल्याशा क्लबाला दिलं होतं आणि ते लोक सोमवारी न्यायला येणार होते. "रविवारी यायचं तर ये. नाहीतर पानिपत राहिलंच म्हण." सरांची फौज अजून त्यांच्या मते पुरी नव्हती. तीन घोड्यांच्या शेपट्या रंगवायच्या होत्या. पण रविवारी सकाळी पेट्या घेऊन आम्ही तिघं, म्हणजे ते, मी आणि वहिनींचा मिसळणाचा डबा, देवळालीच्या बसमध्ये चढलो. माझ्या यजमानांची जळगावला बदली झाली होती आणि शाळेतला माझा शेवटचा दिवस आदल्या शनिवारीच झाला होता. त्या रविवारनंतर मी गांगुर्डे सरांना पाहिलं नाही.

फौजा मांडायला पुष्कळ वेळ गेला. पानिपतावर एक उलटी गोष्ट झाली होती, ती टेबलावर डोळ्यांना दिसत होती. अफगाण यमुना उतरून मराठ्यांच्या दक्षिणेला येऊन बसले होते, म्हणजे मराठ्यांच्या घराची वाट शत्रूच्या पाठीमागे. दक्षिणेची कड कर्नलसाहेबांच्या पोटाशी होती. सरांनी तोफा लावल्या, गारदी लावले, स्वार लावले, सगळे बुणगे मागे दाटीवाटीने उभे केले आणि अगदी पश्चिमेच्या टोकाला तो गवत कापणारा बसवला.

"बसलेला माणूस चालणार कसा?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

"बसूनच सरकतो तो, साहेब. दर डावात दोन इंच."

"बरं. दोन इंच."

नियम असा होता की दर डावात प्रत्येकाने पाच हुकूम द्यायचे, सहावा नाही. सरांनी पहिले चार हुकूम तोफांना, गारद्यांना आणि स्वारांना दिले. पाचव्या हुकुमाने गवत कापणारा दोन इंच दक्षिणेला सरकवला. कर्नलसाहेबांना गंमत वाटली. दुसऱ्या डावात पुन्हा तेच झालं, तिसऱ्यात पुन्हा. सुरुवातीला मराठे चांगले लढत होते. गारद्यांनी, म्हणजे आमच्या पोलिसांनी, समोरची फळी पार मागे रेटली. तेव्हा मधल्या स्वारांना पुढे घालायला एक हुकूम कमी पडत होता आणि तो हुकूम दोन इंचांत जात होता.

"गांगुर्डे, तुझी बाजू उघडी पडलीय," कर्नलसाहेब म्हणाले. शत्रू असून त्यांना राहवेना. "तू सेनापती आहेस, मॅन! स्वार घाल!"

"घालतो," असं म्हणून सरांनी फूटपट्टी उचलली आणि गवत कापणारा सरकवला.

दुपारी फौज मोडली. अफगाण स्वार बुणग्यांत शिरले आणि कर्नलसाहेबांनी एकेक माणूस उचलायला सुरुवात केली. वाणी गेला, घागरवाली गेली, भोई गेले. भाकरी थापणारी म्हातारी उचलताना कर्नलसाहेब थांबले, सरांकडे बघितलं आणि मग हलकेच ती पेटीत ठेवली. सरांचे पाचही हुकूम आता एकाच माणसाला चालले असते, पण नियमाने त्याला एकच देता येत होता. उरलेले चार ते देतच नव्हते. टेबलाच्या कडेने तो बसका माणूस अफगाणांच्या बगलेवरून पुढे निघाला होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जावं असं त्याच्यात काही नव्हतं.

पण एक स्वार जवळ आला. कर्नलसाहेबांनी पट्टी लावली. टप्प्यात होता. "चार किंवा वर पडलं की गेला," ते म्हणाले. मग फासा हातात घेऊन म्हणाले, "सोडू का?"

"नाही, साहेब. नियमाने टाका."

फासा टाकला. दोन पडले. मी खिडकीशी गेले, तर तिथे आधीच गांगुर्डे सर उभे होते. त्यांनी फासा बघितलाच नव्हता. मी सांगितलं तेव्हा कळलं त्यांना.

पुढच्या डावाला गवत कापणारा दक्षिणेच्या कडेला पोचला. आता एकदा ढकलला की टेबलाबाहेर. कर्नलसाहेबांनी आपली खुर्ची मागे घेऊन सरांना जागा दिली. "ढकल. सुटला तुझा माणूस."

सरांनी बोट लावलं आणि मागे घेतलं.

"आला नाही तो, साहेब," ते म्हणाले. "आमच्यात कुणीच म्हणत नाही की आला. ती बाई वाट बघून मेली. आता मी ह्याला सोडवला तर खोटं होईल ते. पागोटं चुकलं तर मी माणूस परत दिलाय इतकी वर्षं."

"मग राहू दे तिथंच," कर्नलसाहेब हळू आवाजात म्हणाले. "डाव इथंच थांबवू."

"इथं कसा ठेवू?"

ते टेबलाभोवती फिरले, पुन्हा फिरले. मग सर त्या कडेशी येऊन उकिडवे बसले, डोळे टेबलाच्या पातळीला आले. डावा तळहात कडेखाली धरला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी त्याला ढकललं. माणूस तळहातावर पडला. सरांनी मूठ मिटली.

"खोटं तर खोटं," ते म्हणाले. "लय झालं. जाऊ द्या त्याला घरी."

आवाज त्यांचा नव्हताच. मला रडू आलं आणि कर्नलसाहेब उगाचच मोठ्याने नोकराला चहा आणायला सांगायला लागले.

चहा आला तेव्हा खोलीत सर नव्हते. आम्ही व्हरांड्यात आलो, तर ते फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागलेसुद्धा होते. आत टेबलावर इतक्या वर्षांची ती सगळी माणसं, घोडे, नाताळचे उंट, उघड्या पेट्या आणि वहिनींचा मिसळणाचा डबा तसाच पडला होता.

"अरे गांगुर्डे!" कर्नलसाहेब पायऱ्या उतरून ओरडले. "तुझं सैन्य राहिलं!"

सरांनी मागे न बघता उजवा हात वर केला. डावी मूठ छातीशी होती. एरवीपेक्षाही भराभर पावलं टाकत ते एसटी स्टँडाकडे निघाले होते.